भंगारातून केलेल्या भिंतचित्राचे तुकडे दर पावसाळ्यात का गळतात, आणि काय तपासायचं

जुन्या बाजारातल्या चाव्या, कुलपं, सायकलचं फ्रीव्हील, घड्याळाची चक्रं, पितळी मुठी, शिवणयंत्राचे सुटे भाग, करवंट्या, शिंपले असं सगळं प्लायवर किंवा एमडीएफवर (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) बसवून केलेलं भिंतचित्र पहिला पावसाळा कसाबसा काढतं. मग एकेक तुकडा खाली यायला लागतो. तुकडा पडला की पहिली धाव दुकानाकडे, ‘याच्याहून स्ट्राँग काहीतरी द्या’. नव्या गोंदाने तोच तुकडा त्याच जागी, जुन्या गोंदाच्या थरावरच चिकटवला जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा फरशीवर मिळतो.

गोंद कमजोर निघणं हे कारण क्वचितच असतं. तेलकट धातू, गोंदाची चुकीची निवड, फळीची न रंगवलेली पाठ, ओली भिंत, नुसत्या प्लॅस्टरमध्ये अडकलेली गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात ठोकतात तो प्लग), ही नेहमीची कारणं. खालचा क्रम बिनपैशाच्या तपासणीपासून सुरू होतो आणि भिंतीत ड्रिल घालण्यापर्यंत जातो. मधली पायरी गाळू नका. फळी वाकलेली असताना गोंद बदलला तर पैसेही जातात आणि तुकडाही.

लक्षणं

आपल्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी ओळखा. एकाच चित्रात दोन-तीन लक्षणं असू शकतात.

- तुकडा अख्खा सुटला. गोंदाची गुळगुळीत, चकचकीत चकती फळीवरच राहिली.
- गोंद तुकड्याबरोबर आला आणि त्याला फळीचा तपकिरी भुसा किंवा रंगाचा पापुद्रा चिकटलेला आहे.
- गोंद मधोमध फाटला. दोन्हीकडे थोडा थोडा आहे, बोटाला अजून चिकट किंवा रबरासारखा लागतो.
- तुकडा पडला नाही, पण मूळ जागेवरून दोन-चार मिलिमीटर खाली घसरला आहे.
- तुकडे शाबूत, पण फळीचा कोपरा भिंतीपासून सुटला आहे किंवा फळी मधून फुगली आहे.
- पितळ-तांब्याभोवती हिरवट कळंक, लोखंडाखाली तांबूस ओघळ.
- फळीच्या पाठीवर काळे ठिपके, कुबट वास.
- चौकटीखाली जमिनीवर पिठासारखा भुसा.
- अख्खी चौकट गिट्टीसकट खाली, किंवा स्क्रू खालच्या बाजूला झुकलेला.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर बाकी वाचन नंतर करा. आधी चौकट उतरवून जमिनीवर ठेवा. दहा किलोची लोखंडी कुलपं डोक्यावर घेऊन कोणी सोफ्यावर बसू नये.

पडलेल्या तुकड्याची पाठ बघा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. तरी हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, कारण तुकडा पडला की तो लगेच पुसून डबीत टाकायची सवय असते. पुसू नका. उजेडात धरा आणि शक्य असेल तर फळीवरची जागा आणि तुकड्याची पाठ यांचा शेजारी शेजारी फोटो काढा.

गोंद फळीवर राहिला आणि तुकड्याची पाठ कोरी असेल तर गोंदाने तुकड्याला कधी धरलंच नव्हतं. तो नुसता टेकून होता. धातूवर तेल, पॉलिश, लॅकर, गंजाचा सुटा थर किंवा घासण्याच्या पावडरीचा अंश होता, असं समजा आणि थेट ‘पृष्ठभाग’ या भागाकडे जा.

उलट, गोंद तुकड्याला घट्ट आहे आणि सोबत फळीचा थर निघून आला असेल तर गोंदाने काम चोख केलं, फळीने दगा दिला. एमडीएफ ओलाव्याने भुसभुशीत झालं की असंच होतं. फळीला आधी डिस्टेंपर किंवा स्वस्त पोस्टर रंग मारून त्यावर तुकडे चिकटवले असतील तर रंगाचा पापुद्रा निघतो. गोंद रंगाला चिकटला, रंग फळीला नाही.

दोन्हीकडे गोंद आणि तो चिकट, म्हणजे तो वाळला नाही किंवा नीट मिसळला गेला नाही. दोन ट्यूबचा इपॉक्सी नजरेने कमी-जास्त घेतला की तो महिनोन्‌महिने च्युइंगगमसारखा राहतो. त्यावर पुन्हा इपॉक्सी ओतून उपयोग नाही, पूर्ण खरवडावा लागतो.

तुकडा घसरला असेल तर बहुधा हॉट ग्लू किंवा रबरबेस गोंद वापरलेला असतो. हे गोंद ताणाखाली हळूहळू सरकतात, आणि भिंत तापली की वेगाने.

जागा

तपासणी अजूनही फुकटच. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. पश्चिमेच्या उन्हात असलेली भिंत दुपारनंतर आतूनही गरम लागते आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहते. त्यानंतर जूनपासून चार महिने दमट हवा. लाकूड आणि एमडीएफ दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आकसतात. धातू मात्र ओलाव्याने हलत नाही. हा फरक दरवर्षी सांध्यावर येतो आणि ठिसूळ गोंदाला तडे पाडतो. प्लॅस्टिक तर उष्णतेनेच बरंच वाढतं. ३० सेंटिमीटरची ॲक्रिलिकची पट्टी २० अंशांच्या फरकाने ०.४ मिलिमीटरच्या आसपास लांबते, तेवढीच लोखंडी पट्टी जेमतेम ०.०७. म्हणून लांब ॲक्रिलिकचे तुकडे दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायचे नसतात. मधोमध धरून ठेवा, टोकं मोकळी सोडा.

हे बघा: भिंतीवर थेट ऊन येतं का? मागच्या बाजूला न्हाणीघर किंवा स्वयंपाकघराचं सिंक आहे का? शेजारी कूलरचा झोत आहे का? दाणकन आपटणारा दरवाजा त्याच भिंतीत आहे का? सतत आपटणाऱ्या दरवाजाने चिवट गोंद सुटत नाही, पण फेव्हिक्विकसारखा ठिसूळ गोंद सुटतो.

ओल आहे की नाही हे हाताने कळत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं किंवा आतला रंग गडद झाला तर ओल भिंतीतून येते आहे. दव खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीतली हवाच दमट आहे. पहिल्या स्थितीत चित्र तिथे पुन्हा लावायचंच नाही, आधी भिंत. दुसऱ्या स्थितीत फळी भिंतीपासून सुटी ठेवली की भागतं. त्याचा उपाय पुढे येतो.

आणखी एक. दसरा-दिवाळीला भिंतचित्र ओल्या फडक्याने पुसण्याची पद्धत असेल तर ती थांबवा. पाणी तुकड्याच्या खालच्या कडेला साठतं, तिथून पांढऱ्या गोंदात शिरतं आणि तो मऊ पडतो. मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे.

पृष्ठभाग

इथून थोडा खर्च सुरू होतो: थिनर, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश. पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल.

धातूचा तुकडा स्वच्छ आहे की नाही हे नजरेने ठरवू नका. पाठीवर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर तेल किंवा मेण आहे. पसरून पातळ झाला तर गोंद लावायला हरकत नाही. बाटल्यांची झाकणं, जुने डबे अशा प्लॅस्टिकवर थेंब कायम उभाच राहतो, कितीही धुतलं तरी. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन या जातींचं प्लॅस्टिक नेहमीच्या कुठल्याच गोंदाला दाद देत नाही. रंगीत झाकणांची नक्षी करायची असेल तर प्रत्येक झाकणाच्या मधोमध छोटा स्क्रू मारा. स्क्रूचं डोकं डिझाइनचा भाग करून टाकलं की वाईट दिसत नाही, उलट मला तर तसंच जास्त आवडतं.

सायकलचं फ्रीव्हील हे सगळ्यात खोडकर उदाहरण. बाहेरून कितीही पुसलं तरी आतल्या बॉल बेअरिंगमधलं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन पाठीमागून झिरपतं आणि दोन महिन्यांनी गोंदाखाली पोचतं. त्यामुळे ते आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, चक्र फिरवत राहा, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत द्रव बदला. मग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि शेवटी थिनरच्या फडक्याने पाठ पुसा. चेनलाही हेच. रॉकेल-थिनरचं काम गॅलरीत, गॅस आणि देवघरातल्या समईपासून दूर. भिजलेले बोळे कचऱ्याच्या बंद डब्यात टाकण्याआधी बाहेर पसरून वाळू द्या.

पितळी मुठींवर बऱ्याचदा कारखान्यातच पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. गोंद त्याला चिकटतो आणि कालांतराने लॅकर सोलून निघतं. म्हणून पाठीवरून, फक्त गोंद लागणार तेवढ्या भागावरून, ते १२० नंबरच्या कागदाने काढा. तांबे-पितळ चिंचेने किंवा पावडरीने घासून लखलखीत केलं असेल तर कोपऱ्यांत उरलेला पांढरा किंवा तपकिरी अंश जुन्या टूथब्रशने धुऊन काढा. त्याच अंशातून पावसाळ्यात हिरवा कळंक उगवतो. गंजलेल्या लोखंडाचा जुनाट रंग ठेवायचा असतो हे मान्य, पण तो समोरून ठेवा. पाठीवरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून घट्ट धातू दिसेपर्यंत घासा, कारण गोंद गंजाच्या पापुद्र्याला धरेल आणि पापुद्रा लोखंडाला सोडेल. समोरून पारदर्शक मॅट लॅकरचा पातळ हात मारला की खालचे तांबूस ओघळही थांबतात.

घासताना रेघा एका दिशेने आणि मग आडव्या, अशी जाळी पाडा. काच आणि चिनीमातीच्या तुकड्यांची पाठही ओल्या कागदाने जरा खरखरीत करा. ओला कागद यासाठी की धूळ उडत नाही. घासल्यावर पाठीला बोट लावू नका आणि त्याच दिवशी चिकटवा. नेलपेंट रिमूव्हरने पुसायचा मोह टाळा, त्यात बऱ्याचदा तेल मिसळलेलं असतं.

करवंटी, शिरीषाच्या शेंगा, रिठे, शिंपले यांचं दुखणं वेगळं. शेंगा पूर्ण वाळलेल्या नसतील तर आकसून गोंदातून सुटतात, वर बुरशीही धरतात. त्या कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा आणि मग झिपच्या पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा; आतली कीड मरते. करवंटीचा बाहेरचा काथ्या खरवडून काढा. शिंपल्यांवरची खडूसारखी भुकटी ब्रशने धुवा. गुंजा वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा की त्या विषारी आहेत. घरात रांगणारं मूल असेल तर गळून पडू शकेल अशा ठिकाणी त्या नकोतच.

गोंदाची निवड

आता गोंद. एवढ्या उशिरा, कारण वरचं सगळं नीट नसेल तर कुठलाही गोंद सारखाच हरतो.

पांढरा फेव्हिकॉल पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. त्यामुळे दोन्हींपैकी एक तरी बाजू पाणी शोषणारी हवी: लाकूड, पुठ्ठा, कापड, करवंटी. धातूवर काच किंवा धातूवर धातू लावला की मधलं पाणी अडकतं. कडा वाळतात, मधला भाग आठवडाभराने उचकटला तरी दुधाळ निघतो. पावसाळ्यात लाकडावरसुद्धा रात्रभरावर भरवसा नको. दोन दिवस वजनाखाली ठेवा.

फेव्हिक्विक किंवा तसा कुठलाही झटपट गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. पावसाळ्यात तो पटकन धरतो, पण तुकड्याभोवती पांढरी धुरकट झाक येते, विशेषतः काळ्या लोखंडावर. मेच्या कोरड्या हवेत उलट उशीर लावतो. ओढीला चांगला, धक्क्याला ठिसूळ. सुट्या चक्रांना इपॉक्सी वाळेपर्यंत जागेवर धरून ठेवण्यापुरताच तो वापरा.

हॉट ग्लू धातूवर चालत नाही याचं कारण साधं आहे. गार धातू उष्णता लगेच ओढून घेतो आणि गोंद पृष्ठभागात मुरण्याआधीच गोठतो. कापड, दोरा, शेंगा, हलकं लाकूड यांना ठीक. तापणाऱ्या भिंतीवर तेही नको.

धातू, काच, दगड, चिनीमाती यांना सावकाश वाळणारा दोन ट्यूबचा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांचा घाईच्या कामाला बरा, पण सावकाश वाळणाऱ्याची पकड जास्त असते आणि तुकडा नीट बसवायला वेळ मिळतो. टाकाऊ टाइलवर दोन्ही रेषा वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात, शेजारी शेजारी काढा. आइस्क्रीमच्या काडीने पूर्ण दोन मिनिटं मिसळा, कडांचा मालही आत ओढत. एका वेळी चार-पाच तुकड्यांपुरताच माल करा. हातमोजे घाला. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट गार असते, तेव्हा दुसऱ्या दिवशीही चिकट वाटला तर घाबरू नका, अजून एक दिवस द्या. तिसऱ्या दिवशीही चिकट असेल तर प्रमाण चुकलंय.

खोलगट पाठीच्या वस्तूला, म्हणजे डबीचं झाकण, घंटेचा तुकडा किंवा कुलूप यांना, नुसती कड टेकते. तिथे इपॉक्सी पुटी, म्हणजे एम-सीलसारखी, समप्रमाणात एकच रंग येईपर्यंत मळून पोकळीत भरा आणि दाबा. गोंदाचं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढतं.

सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा तांब्या-पितळेजवळ नको. त्यातून निघणाऱ्या आम्लाने धातू हिरवा पडतो. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा.

वजन

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. साधारण २०० ग्रॅमच्या वरचा कुठलाही तुकडा नुसत्या गोंदावर सोडू नये असं माझं ठाम मत आहे, गोंदाच्या डबीवर काहीही छापलेलं असो. वजनाइतकंच महत्त्वाचं, तुकडा फळीपासून किती पुढे आला आहे. नळाची जुनी तोटी किंवा दाराची लांब मूठ फळीतून सरळ बाहेर आली असेल तर तिचं वजन वरच्या कडेला सोलायला लागतं, आणि गोंद ओढीला जेवढा सोसतो त्याच्या कितीतरी कमी सोलण्याला सोसतो. वस्तूची लांबी दुप्पट झाली की वरच्या कडेवरची ओढही वाढते, वजन फारसं वाढलं नसलं तरी.

उपाय शिवणकामाचा. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना फळीत २ मिलिमीटरची भोकं पाडा, २० किंवा २२ गेजची तांब्याची तार वस्तूच्या खाचेतून, चावीच्या कड्यातून किंवा चेनच्या दुव्यातून घालून मागे न्या आणि पकडीने पीळ द्या. पीळ तीन-चार वेढ्यांचा. जास्त दिला तर तार मानेशीच तुटते. टोक वाकवून फळीत ठोका, म्हणजे भिंतीचा रंग ओरखडणार नाही. चाव्या, चेन, फ्रीव्हील, कात्री, बिजागऱ्या, अडकित्ता या सगळ्यांना आधीच भोक किंवा खाच असते. मग इपॉक्सी फक्त वस्तू डगमगू नये म्हणून. तांब्याच्या पातेल्याला किंवा झाकणाला भोक पाडून रिव्हेट मारून हवं असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत विचारा. पातळ तांब्याला घरच्या ड्रिलने भोक पाडताना कडा फाटतात.

मग अख्खी चौकट मोजा. स्वतः वजनकाट्यावर उभं राहा, चौकट हातात घेऊन पुन्हा उभं राहा, वजाबाकी करा. २ बाय ३ फुटांचं १२ मिलिमीटर प्लाय एकटंच ४ किलोच्या आसपास भरतं, तेवढंच एमडीएफ ५ किलोच्या आसपास. वर लोखंड चढलं की १० किलो व्हायला वेळ लागत नाही. हा आकडा भिंतीच्या तपासणीत लागेल.

फळी

चौकट उतरवून उलटी करा आणि लोखंडी पट्टी तिरकी ठेवून बघा. मधोमध ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फळी वाकली आहे. कारण जवळजवळ ठरलेलं: समोरून रंग, प्रायमर, वॉर्निश सगळं, पाठ कोरी. कोरी बाजू पावसाळ्यात ओलावा ओढते आणि फुगते, रंगवलेली तशीच राहते, फळी कमानीसारखी वळते. पाठीला आणि चारही कडांना समोर जितके हात दिले तितकेच द्या. एमडीएफच्या कापलेल्या कडा स्पंजसारख्या पितात, त्यांना पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात आणि मग प्रायमर लागतोच.

थोडी वाकलेली फळी वाचते. ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या हवेत सपाट फरशीवर वजनाखाली आठवडाभर ठेवा, पाठ रंगवा, मग मागे २५ बाय २५ मिलिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने आडव्या मारा. नुसत्या चिकटवू नका. कड फुगून पुस्तकाच्या पानांसारखी उकलली असेल तर ते एमडीएफ गेलं. तुकडे काढून नव्या फळीवर घ्या. नवी घेताना भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये १२ मिलिमीटर बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणाऱ्या) प्लायचा तुकडा मागा, कापातले उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) प्लाय कोरड्या भिंतीला चालतं.

चौकटीखाली पीठ पडत असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं शोधा. ती असतील तर लाकूड पोखरणारी कीड आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि ती चित्रातली नसून बहुधा भिंतीतली किंवा दाराच्या चौकटीतली असते. चित्र लगेच घराबाहेर काढा.

फळीमागच्या काळ्या ठिपक्यांसाठी पाठीच्या चारही कोपऱ्यांना १० मिलिमीटर जाडीचे रबरी किंवा लाकडी ठोकळे लावा. भिंत आणि फळी यांच्यामध्ये हवा खेळली की बुरशी पुन्हा धरत नाही. किरकोळ खर्चाचं काम, पण पुण्याच्या पावसाळ्यात यासारखा दुसरा उपाय नाही.

टांगणी आणि भिंत

आधी तार बघा. मागे दोन कड्यांत ताणून बांधलेली तार जितकी सपाट, तितका तिच्यावरचा ताण जास्त. आडव्या रेषेशी फक्त १५ अंशांचा कोन असेल तर तारेच्या प्रत्येक बाजूवर चौकटीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो. ४५ अंशांचा केला की वजनाच्या पाऊणपट. म्हणजे १० किलोच्या चौकटीला १९ किलो की ७ किलो, हे फक्त तार किती सैल सोडली यावर ठरतं. ५ किलोंच्या वर तार नकोच. ४५ अंशांत चिरलेल्या लाकडी पट्टीचे दोन भाग घ्या, एक भिंतीवर, एक फळीवर, एकमेकांत अडकतील असे. वजन पूर्ण लांबीवर पसरतं आणि चौकट तिरकीही होत नाही.

गिट्टीसकट निघालेल्या स्क्रूकडे नीट बघा. गिट्टीभोवती पांढरी किंवा राखाडी कॉलर असेल आणि भोक तेवढंच खोल असेल तर ती फक्त प्लॅस्टरमध्ये होती. प्लॅस्टर १२ ते १५ मिलिमीटर जाड असतं आणि वजन पेलत नाही. गिट्टी प्लॅस्टरच्या मागच्या विटेत किंवा ब्लॉकमध्ये बसली पाहिजे. यासाठी स्क्रू ५० मिलिमीटरचा घ्या.

भिंत कसली आहे ते ड्रिलच्या पुडीवरून कळतं. भोकाखाली पांढरा कागद दुमडून चिकटवा आणि काय पडतं ते बघा. लाल पूड म्हणजे वीट: हॅमर चालू ठेवून ८ मिलिमीटरचं भोक, ८ ची गिट्टी. आधी पांढरी मऊ पूड, मग फिकट राखाडी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत, म्हणजे जिप्सम प्लॅस्टर आणि मागे हलका एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेला सिमेंटचा ब्लॉक). नव्या सोसायट्यांमध्ये हेच जास्त सापडतं. इथे हॅमर बंद करा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी फिरत राहते. साध्या गिट्टीऐवजी एएसीसाठीची रुंद आट्यांची गिट्टी वापरा. बारीक राखाडी पूड आणि बिट पुढे सरकेना, म्हणजे काँक्रीट: चांगला हॅमर ड्रिल आणि ६ ची गिट्टी पुरते. बिट कर्कश ओरडला आणि चकाकणारा चुरा आला तर सळईला लागलाय. भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या.

स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच पातळीत आडवं ड्रिल करायचं नाही. वायरचे पाइप तिथूनच गेलेले असतात. नळाच्या वरच्या पट्ट्यालाही तोच नियम.

दुरुस्त केलेली चौकट लगेच टांगू नका. फरशीवर गादी टाकून, भिंतीला उभी टेकवून आठवडाभर ठेवा. प्रत्येक तुकड्याला बोटाने हलकंसं हलवून बघा. पडायचं ते एक फुटावरून पडेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

प्लॅस्टिकच्या तपासणीत भिंतीतून ओल आली, रंगाचे पापुद्रे निघत असतील किंवा पांढरा खार फुटला असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. त्याला तपासणीचा फोटो आणि ओल पावसात वाढते की वर्षभर सारखी असते, एवढं सांगा. पावसात वाढणारी बहुधा बाहेरून येते, वर्षभराची नळाच्या गळतीतून, आणि ती असेल तर आधी प्लंबर. वरच्या मजल्याशी बोलणी सोसायटीमार्फत करा.

कसबा, शनिवार, सदाशिव पेठांतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिवळट माती पडायला लागली आणि भोक रुंदच होत गेलं तर ड्रिल बाजूला ठेवा. माती-चुन्याच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे लाकडी खांब किंवा तुळईवरून टांगता येतं का हे सुताराकडून बघून घ्या. गवंड्याकडून भोक सिमेंटने बुजवून घेऊ नका. चुन्याच्या भिंतीत सिमेंटचा गोळा वेगळा सुटतो.

बीम किंवा कॉलमला तडा असेल, काँक्रीट फुगून गंजकी सळई दिसत असेल तर तिथे एकही भोक नाही. सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. १५ किलोंच्या वरची किंवा पलंग-पाळण्यावरची चौकट फॅब्रिकेटरकडून लोखंडी ब्रॅकेटवर बसवून घ्या. चित्रात दिवे असतील आणि धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियन. वाळवी दिसली तर पेस्ट कंट्रोलवाला, कारण फवाऱ्याच्या बाटलीने दिसणारी तेवढीच मरते.

आणि काही वस्तूंवर घरी काम करायचंच नाही. जुन्या दारं-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, ते कोरडं घासू नका; रंग ठेवायचा असेल तर वरून लॅकर मारून बंद करा, काढायचा असेल तर पॉलिशवाल्याकडे द्या. संगणकाचे सर्किट बोर्ड कापू किंवा घासू नका, अख्खेच बसवा. घड्याळ-खेळण्यांतले सेल आधी काढा, गळक्या सेलमुळे शेजारचा धातूही खराब होतो. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या भिंतीवर नकोत. जुन्या करड्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याचा तुकडा कितीही सुंदर शेवाळलेला दिसला तरी कापू नका, त्याला भोक पाडू नका आणि घरात आणू नका.